पेपरचा मालक कोण?

भिवंडीच्या चहाच्या हॉटेलांत उर्दू पेपर एक जण विकत घेतो आणि दहा जण वाचतात. माझे अब्बा लूमची रात्रपाळी संपवून आले की तिथेच 'इन्किलाब' वाचायचे. अब्दुल हमीद अन्सारींनी 1938 साली मुंबईत सुरू केलेला हा पेपर 2010 मध्ये मिड-डे समूहाच्या इतर छापील पत्रांसोबत जागरण प्रकाशन या कानपूरच्या हिंदी कंपनीकडे गेला. हॉटेलात त्यावर चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. पेपरचं नाव तेच होतं ना!

मालकीवरचा वाद आपल्याकडे रंगला तो बहुधा परदेशी पैशावर. 1955 च्या ठरावाने वृत्तपत्रांना परदेशी मालकीची दारं बंद केली होती. जून 2002 मध्ये मंत्रिमंडळाने 26 टक्क्यांपर्यंत ती उघडली, तेव्हा संपादक आणि खासदार दोन तटांत विभागले. देशी मालकाने किती पेपर, किती वाहिन्या एकत्र ठेवाव्यात? यावर ट्रायने 2009 आणि 2014 मध्ये शिफारशी केल्या, कायदा काही झाला नाही. अमेरिकेत एका कंपनीच्या टीव्ही केंद्रांची पोहोच 35 वरून 45 टक्के घरांपर्यंत वाढवायचं 2003 मध्ये ठरलं. तिथे एवढा गदारोळ झाला की संसदेने ती 39 वर आणून ठेवली.

आपल्याकडचा खरा सामना मात्र त्याआधी, पुण्याच्या 'सकाळ'वरून झाला. न्या. राजाध्यक्षांच्या प्रेस आयोगाला 1954 मध्ये दिसलं की मोठे पेपर जास्त पानं स्वस्तात देऊन छोट्यांना बुडवतात. भिवंडीवाल्याला हे समजावून सांगायला नको. बडा मिलवाला काही महिने तोट्यात कापड विकू शकतो, चार लूमवाल्याला ते परवडत नाही. म्हणून 1956 चा कायदा आणि 1960 चा आदेश आला: अमुक किमतीला एवढीच पानं. 'सकाळ' सात पैशांत आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून 34 पानं देई, आदेशाने त्या किमतीत 24 च बसत होती. म्हणजे पानं कापा, नाहीतर किंमत वाढवा. नानासाहेब परुळेकरांचा पेपर सर्वोच्च न्यायालयात गेला. सप्टेंबर 1961 मध्ये न्या. मुधोळकरांनी निकाल लिहिला. पानं कमी केली किंवा खप घटवला तरी अभिव्यक्ती स्वातंत्र्यावरच घाला पडतो, व्यापाराचं कारण सांगून तो घालता येणार नाही, असा त्याचा गाभा. कायदा आणि आदेश दोन्ही रद्द झाले.

निकाल मला पटतो. पानं मोजायचा अधिकार सरकारला दिला, तर उद्या ते मजकूरही मोजेल. पण राजाध्यक्षांनी ओळखलेला आजार तसाच राहिला, औषध तेवढं फेकलं गेलं. पुढे खुद्द 'सकाळ'ही परुळेकरांनंतर पवार कुटुंबाकडे गेला. ज्या घरात राजकारण त्याच घरात पेपर, आणि याला कुठल्याही मर्यादेची आडकाठी नव्हती.

1956 च्या नियमांत एक छोटी तरतूद होती. दरवर्षी फेब्रुवारी संपल्यावर पहिल्या अंकात पेपरने 'नमुना चार' छापायचा: प्रकाशक, संपादक, आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेले मालक. दहावीच्या मुलींना मी एकदा मार्चमधले पेपर आणायला सांगितले. चौकट सापडायला अर्धा तास लागला, इतक्या बारीक अक्षरात होती. एकीने मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "सर, इथे तर मालक म्हणून कंपनीचंच नाव आहे. मग त्या कंपनीचा मालक कोण?"