दिवा, कॅनरी आणि काचेची तार

मी ब्रह्मपुरीचा, म्हणजे धानाच्या मुलखातला. आमच्याच चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेला मात्र कोळसा: घुग्घूस, माजरी, बल्लारपूर. आणि कोळसा आला की दोन वायू आलेच. मिथेन हवेत 5 ते 15 टक्के झाला की नुसत्या ठिणगीची वाट बघत असतो. दुसरा कार्बन मोनॉक्साइड, कोळसा आतल्या आत धुमसू लागला की निघणारा. दोघांनाही ना रंग, ना वास. मग खाली उतरलेल्या माणसाला कळणार कसं?

1815 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीने जाळीचा दिवा केला. मिथेन असला की ज्योतीवर निळसर टोपी चढते. पण साधारण 1.25 टक्क्यांच्या खाली ती डोळ्यांना दिसणं मुश्कील, आणि आपल्याकडच्या नियमांनुसार 1.25 टक्क्यांपुढे माणसं बाहेर काढावी लागतात! मोनॉक्साइडसाठी हॅल्डेनने कॅनरी पक्षी सुचवला. पक्षी पडला की पळा. (ब्रिटनने या पक्ष्यांना निवृत्त करायचं ठरवलं ते थेट 1986 मध्ये.)

आता गंमत बघा. त्याच रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडलने 1854 मध्ये पाण्याच्या धारेतून प्रकाश वळवून दाखवला (कोलाडॉनने हे 1841 मध्येच केलं होतं, नाव मात्र टिंडलचं झालं. असो.), आणि 1859 मध्ये वायू उष्णतेचे अदृश्य किरण शोषतात हे मोजलं. म्हणजे दोन्ही मॉड्यूल्स एकाच माणसाच्या टेबलावर तयार! इंटिग्रेशनला सव्वाशे वर्षं लागली.

अडचण काचेची. मिथेन जोरात शोषतो 3.3 मायक्रॉनला, आणि तिथे साधं फायबर आंधळं. 1.65 मायक्रॉनला त्याची एक फिकट खूण आहे. 1970 च्या दशकात टेलिफोनवाल्यांनी काच इतकी स्वच्छ केली की ती खूण दुरून वाचता येऊ लागली. जपानच्या तोहोकू विद्यापीठात इनाबा आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला काही किलोमीटर लांब फायबरमधून मिथेन ओळखून दाखवला. लेझर आणि सर्किटं लांब सुरक्षित जागी, वायूपाशी फक्त काच आणि एक पोकळ डबी. वीजच नाही, तर ठिणगी कुठून?

मोनॉक्साइड जास्त चिवट. त्याची मर्यादा लाखात 5 भाग, आणि 1.57 मायक्रॉनजवळची खूण मिथेनपेक्षाही फिकट. म्हणून डबीत दोन आरसे समोरासमोर लावून प्रकाशाला पुन्हापुन्हा फिरवतात. आमच्या वर्धा खोऱ्यातला कोळसा आपोआप पेटणारा, त्यामुळे माझं लक्ष या दुसऱ्या डबीकडेच जास्त असतं.