तिथं आपलं कोण आहे?



मागच्या महिन्यात आमच्यातल्या एकीच्या घरी मोठा पेच पडला. लेक नाशिकला शिकून अन्नप्रक्रियेची पदवी घेऊन आली होती. पुढच्या दोन वर्षांच्या अभ्यासासाठी तिला डेन्मार्कमधल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. पेढे वाटायचे सोडून घर गप्प झालं. चुलते म्हणाले, "अमेरिका म्हटली असती, लंडन म्हटलं असतं, तर चार लोकांत सांगता आलं असतं. हे डेन्मार्क कुठून काढलं?" आजींनी एवढंच विचारलं, "तिथं आपलं कोण आहे?"

आजींचा प्रश्न आमच्या मनात राहिला. त्याचं उत्तर शोधायला आम्ही जुनी पुस्तकं काढली, आणि जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो आहोत.

आधी देशाची ओळख करून घेऊ. डेन्मार्क युरोपच्या उत्तरेला, जर्मनीच्या डोक्यावर आहे. आपल्या महाराष्ट्रात असे सात डेन्मार्क मावतील. लोकसंख्या साधारण ६० लाख. २०११ च्या जनगणनेत आपल्या एकट्या नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख होती, म्हणजे अख्खा देश आपल्या जिल्ह्याएवढा. डिसेंबरात तिथला दिवस जेमतेम सात तासांचा असतो. आणि थंडीचं म्हणाल, तर निफाडचा पारा उतरला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटवणाऱ्या आपल्या पोरींना थंडीची भीती कोण घालणार?

आता इतिहास. १८६४ साली प्रशिया आणि ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात डेन्मार्क हरला आणि दक्षिणेकडचा मोठा मुलूख गमावून बसला. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिका आणि रशियातलं स्वस्त धान्य युरोपच्या बाजारात येऊन पडलं. डेन्मार्कचा शेतकरी धान्यावर जगणारा. त्याच्या मालाचा भाव कोसळला. भाव पडला म्हणजे घरात काय होतं, हे लासलगावच्या कांद्याच्या लिलावातून रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाच्या बायकोला वेगळं सांगायला नको.

तिथल्या शेतकऱ्यांनी धंदाच बदलला. धान्य विकण्याऐवजी ते गाई-डुकरांना घातलं आणि लोणी व डुकराचं मांस इंग्लंडला विकायला सुरुवात केली. १८८२ साली येडिंग नावाच्या खेड्यात शेतकऱ्यांची पहिली सहकारी डेअरी निघाली. या डेअऱ्यांचा नियम असा होता की कुणाच्या गोठ्यात दोन गाई असोत की चाळीस, मत प्रत्येकाला एकच.

हे शहाणपण आलं कुठून? अनेक अभ्यासक त्याचं बरंचसं श्रेय तिथल्या लोकशाळांना देतात. ग्रुंटविग नावाचे एक धर्मोपदेशक आणि कवी होते. खेड्यातल्या तरुणांना लॅटिनची घोकंपट्टी नको, आपली भाषा, आपला इतिहास आणि चार माणसांत उभं राहून बोलण्याची हिंमत हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या विचारातून १८४४ साली पहिली लोकशाळा निघाली. तिथं परीक्षा नाही, गुण नाहीत. मुलांनी तिथंच राहायचं, ऐकायचं, गायचं, वाद घालायचा. पुढे अशा शाळा देशभर झाल्या. थंडीत शेतीची कामं कमी, तेव्हा तरुण मुलं येत आणि उन्हाळ्यात मुली. शेतकऱ्याच्या मुली काही महिने घर सोडून शिकायला राहत, आणि ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातली आहे.

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. १९२९ च्या मार्च महिन्यात महर्षी अण्णासाहेब कर्वे परदेशाच्या प्रवासाला निघाले. वय ७०. विधवा मुलींसाठी आश्रम काढणारे, १९१६ साली अवघ्या पाच विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ सुरू करणारे हेच अण्णा. ते इंग्लंडला गेले. जिनिव्हाच्या शिक्षण परिषदेत त्यांनी भारतातल्या स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा प्रयोग जगापुढे मांडला. तिथून ऑगस्टमध्ये ते डेन्मार्कच्या एल्सिनोर गावी पोचले. नव्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या देशोदेशीच्या शिक्षकांचा मेळावा तिथं भरला होता. मारिया माँटेसरी बाईही तिथं आल्या होत्या. आज ज्यांच्या नावाच्या बालवाड्या आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतात, त्याच या बाई. त्यांची आंतरराष्ट्रीय संस्था त्याच वेळी, त्याच गावात स्थापन झाली. डॅनिश आणि परदेशी विद्यार्थ्यांनी एकत्र राहून शिकावं म्हणून काढलेली एक लोकशाळाही १९२१ पासून तिथं चालू होती.

म्हणजे कोकणातल्या मुरूडचा एक म्हातारा शिक्षक, आपल्या मुलींच्या शिक्षणासाठी, ९० हून अधिक वर्षांपूर्वी त्या देशात जाऊन आला.

पण गोष्ट इथं संपत नाही. अण्णा एल्सिनोरला होते, तेव्हा त्यांची स्वतःची सून बर्लिनमध्ये शिकत होती. या सूनबाई म्हणजे इरावती कर्वे. त्या १९२८ साली जर्मनीला गेल्या, आणि त्यांच्या जाण्याला अण्णांचा विरोध होता. होय, महिला विद्यापीठ काढणाऱ्या अण्णांचाच. मुलगा दिनकर बायकोच्या पाठीशी उभा राहिला, कर्ज काढलं आणि इरावतीबाई गेल्या. तिथं त्यांनी माणसाच्या कवट्या मोजून अभ्यास केला. मार्गदर्शक प्राध्यापकांना त्यातून वंशावंशातला भेद निघायला हवा होता. मोजमापातून तसं काही निघत नाही, हे इरावतीबाईंनी परक्या देशात, परक्या भाषेत ठामपणे मांडलं. १९३० साली डॉक्टरेट घेऊन त्या परत आल्या. 'युगान्त' लिहिणाऱ्या त्या याच.

आणि मैत्रिणींनो, असाच पेच आपल्या निफाडच्या सुपुत्रालाही पडला होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ सालचा, आपल्या याच गावातला. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे रानडे. पण १८७३ साली पहिली पत्नी वारली, तेव्हा वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि ११ वर्षांच्या रमाबाईंशी त्यांनी लग्न केलं. मग त्याच रमाबाईंना त्यांनी स्वतः शिकवलं. घरातल्या बायका टोमणे मारत, तरी रमाबाई शिकत राहिल्या. १८८४ साली रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तीच हुजूरपागा. लहानग्या इरावतीबाई पुढे ब्रह्मदेशातून येऊन शिकल्या, त्या याच शाळेत.

हे आम्ही कुणाला कमी लेखायला सांगत नाही. दुसऱ्याच्या लेकीसाठी रस्ता बांधणारी एवढी मोठी माणसंसुद्धा स्वतःच्या उंबऱ्यापाशी अडखळली. मग आपण अडखळलो तर त्यात लाज कसली? पण अडखळून तिथंच बसायचं नाही, एवढं मात्र त्यांच्याकडून घ्यायला हवं. ज्या अण्णांनी सुनेला नको म्हटलं, तेच सहा महिन्यांच्या आत स्वतः बोटीत बसले.

खर्चाचं मात्र स्वच्छ बोलायला हवं. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना डेन्मार्कमध्ये २००६ पासून फी भरावी लागते. राहणं-खाणंही महाग. आम्ही त्या मुलीच्या आईबरोबर वही घेऊन बसलो. फी किती, खोलीचं भाडं किती, कर्जाचा हप्ता कधी सुरू होणार, द्राक्षाचं वर्ष वाईट गेलं तर तो कोण भरणार, सगळं लिहून काढलं. तुमच्या घरात हा प्रश्न आला तर तुम्हीही आधी वही घ्या. हिशेब जमत नसेल तर नाही म्हणायलाही हरकत नाही. पण देशाचं नाव कुणी ऐकलेलं नाही, या कारणासाठी नाही म्हणू नका. चार लोकांत सांगायला बरं वाटावं म्हणून लेकीला शिकवायचं नसतं.

त्या घरचा निर्णय अजून झालेला नाही. वही चुलत्यांकडे आहे आणि ते आकडे पुन्हा पुन्हा तपासत आहेत, हे आम्हाला चांगलं लक्षण वाटतं.

आजी, तुम्ही आमचा कार्यक्रम रोज ऐकता, हे आम्हाला माहीत आहे. तिथं आपलं कोण आहे, असं तुम्ही विचारलंत. आज तिथं आपलं कुणी नसेलही. पण आपले अण्णा तिथं जाऊन आलेत. तुमच्या नातीपेक्षा ते तेव्हा जवळजवळ ५० वर्षांनी मोठे होते, आणि वाट बघायला त्यांचंही तिथं कुणी नव्हतं.