गोडे तेल, कडवा तेल

जयेंद्रगंजातल्या माझ्या माहेरी स्वयंपाकघराच्या फळीवर तेलाच्या दोन किटल्या असत. एक पितळी, एक जर्मनची. पितळी किटलीत स्वयंपाकाचे गोडे तेल. जर्मनच्या किटलीत कडवा तेल, म्हणजे सरसोंचे. ते अंगाला चोळायला, कैरीच्या लोणच्याला आणि दिवाळीच्या पणत्यांना. या दोन किटल्यांची अदलाबदल म्हणजे आजीच्या लेखी धर्म बुडण्यासारखेच होते. शेजारच्या घरातून संध्याकाळी सरसोंचे तेल धुरावल्याचा वास आला की ती पदर नाकाला लावी आणि म्हणे, "ही माणसं हे खातात तरी कसं गं?" ती माणसे अर्थातच आमच्याबद्दल तसेच म्हणत. भाजीत गूळ आणि शेंगदाण्याचे कूट घालणारे दक्षिणी लोक!

गोडे तेल म्हणजे शेंगतेल, असे आम्ही धरूनच चाललो होतो. आजीचे म्हणणे असे की, आपले पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर देशावरून इकडे आले ते हेच तेल खात आले. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी पडली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले, इथपर्यंत आजीचा इतिहास बरोबर होता. तेलाच्या बाबतीत मात्र तो चुकला. भुईमूग मुळात दक्षिण अमेरिकेतला. मिरची, बटाटा यांच्यासारखाच तो समुद्रापलीकडून आला आणि आपल्याकडे त्याची तेलासाठी मोठी लागवड झाली ती एकोणिसाव्या शतकात. दौलतरावांच्या मुदपाकखान्यात तूप असेल, तिळाचे, करडईचे, कारळ्याचे, जवसाचे तेल असेल. शेंगतेल असण्याचा संभव फार थोडा. 'तेल' हा शब्दच तिळावरून आलेला आहे आणि आयुर्वेदानेही सर्व तेलांत तिळतेलाला पहिला मान दिला आहे. म्हणजे आजी ज्याला पिढीजात म्हणत होती ते तेल तिच्या पणजीने कदाचित चाखलेही नसेल. पण हे मला फार उशिरा कळले. तोवर या तेलाने आमच्या घरात जे करायचे ते करून झाले होते.

माझा धाकटा भाऊ दीड वर्षाचा असताना, १९७४ च्या आषाढी एकादशीला, आजीने त्याला साबुदाण्याच्या खिचडीचे चार दाणे चाटवले. पाच मिनिटांत त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घुरघुरू लागला. वडील त्याला उचलून धावले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, मूल वाचले. त्यांनी निदान केले ते अजीर्णाचे. म्हणून दोन महिन्यांनी ऋषिपंचमीनंतरच्या एका उपासाला तोच प्रसंग पुन्हा घडला, तेव्हा आईच्या ध्यानात आले की दोन्ही वेळा ताटात समान गोष्ट एकच होती, दाण्याचे कूट.

"त्याला शेंगदाणा मानवत नाही," असे तेव्हापासून घरात म्हणू लागले. मराठीतला हा 'मानवत नाही' फार सोयीचा शब्द आहे आणि म्हणूनच धोक्याचा. वांगे खाल्ल्यावर घशाला खाज सुटली तरी ते मानवत नाही, दूध प्यायल्यावर पोट फुगले तरी ते मानवत नाही आणि दाण्याचा कण पोटात जाऊन जीव घुसमटला तरी तो मानवत नाहीच. यातल्या शेवटच्या प्रकाराशी शरीराची संरक्षण व्यवस्था गुंतलेली असते. ती एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला. आमच्या घरात तो पोहोचायला त्यानंतर सत्तर वर्षे लागली.

कूट बंद करणे सोपे होते. घासाघासाला हळहळत का होईना, आजीनेही ते केले. प्रश्न तेलाचा होता. आमचे शेंगतेल घाण्यावरचे असे. ताजे, गढूळसर, दाण्याच्या वासाचे. त्या वासाची आम्हांला प्रौढी होती आणि नेमका त्या गढूळपणातच घात होता. शुद्ध तेल म्हणजे निव्वळ स्निग्धांश. अ‍ॅलर्जी होते ती प्रथिनांची. घाण्याच्या तेलात पेंडीचे सूक्ष्म कण आणि त्यांच्याबरोबर थोडे प्रथिन उतरते. कारखान्यात तेल रिफाइंड करताना ते धुऊन, रंग काढून, कडक वाफेवर वास घालवून घेतात, तेव्हा ते प्रथिन जवळजवळ शिल्लकच राहत नाही. ब्रिटनमध्ये याची रीतसर परीक्षा झाली आणि १९९७ साली ती छापून आली. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या साठ जणांना दोन्ही प्रकारचे शेंगतेल देऊन पाहिले. रिफाइंड तेलाने एकालाही काही झाले नाही, कच्च्या तेलाने सहा जणांना त्रास झाला. साठात सहा हा आकडा दुसऱ्याच्या घरात लहान वाटतो.

१९७४ साली आईला यातले काही ठाऊक नव्हते. तिने आपल्या अकलेने ठरवले की दाणा नको तर दाण्याचे तेलही नको. मग कोणते? ती म्हणाली, तिळाचे. तीळ या भागात पिकतो, ग्वाल्हेर-मुरैनाच्या गजकेमुळे बाजारात त्याला तोटा नाही. वडील पितळी किटली घेऊन बाजारात गेले आणि दुकानदाराला म्हणाले, "लालाजी, मीठा तेल दीजिए." आमच्या 'गोडे तेल'चे त्यांनी जागच्या जागी हिंदी केले. हिंदीत मीठा तेल म्हणजे बऱ्याच ठिकाणी तिळाचेच. पण शिवपुरी-करैरा बाजूला भुईमूग भरपूर, तेव्हा आमच्या दुकानदाराच्या लेखी जे कडवे नाही ते सगळे मीठे. त्याने मूंगफलीचे दिले. त्या रात्री भाऊ तिसऱ्यांदा सुजला.

दोन भाषांत राहणाऱ्या वाचकांना या चुकीचे नवल वाटू नये. बेळगाव-विजापूरकडचा कानडी माणूस 'ओळ्ळेण्णे' म्हणतो, म्हणजे शब्दशः चांगले तेल, ते तिळाचे. तेलुगूत 'मंचि नूने', तमिळात 'नल्लेण्णे', अर्थ तोच आणि वस्तूही तीच. आपण मराठी माणसांनी मात्र तिळाच्या जागी शेंगतेल आले तरी 'गोडे' हे विशेषण तसेच पुढे चालवले. उत्तर कर्नाटकात भुईमुगाला शेंगाच म्हणतात, तिथे निदान 'शेंगा एण्णे' म्हटले की घोटाळा नाही. करडईला तिकडे 'कुसुबी' आणि हिंदीत 'कुसुम'. तेलाला गोड-कडू, चांगले-वाईट म्हणण्यापेक्षा बियांचे नाव घेऊन मागावे, हा धडा आमच्या घराने मुलाच्या जिवावर घेतला.

त्यानंतर आईने जे केले ते आजीने मरेपर्यंत पोटात ठेवले. तिने जर्मनच्या किटलीतले तेल कढईत ओतले. सरसोंचे तेल घेताना भाषेचा घोटाळा होणे शक्यच नव्हते. वासच आपले नाव सांगे. शेजारच्या भाभींनी तिला रीत शिकवली. तेल कढईत धूर निघेपर्यंत तापवायचे, उतरवून जरा निववायचे, मग फोडणी. त्याने उग्रपणा मरतो. आजीला त्या धुराने ठसका लागे आणि ती म्हणे, "मलाही हे मानवत नाही." तो निव्वळ मोहरीचा तिखटपणा होता, जो नाकाडोळ्यांतून पाणी काढतो, खरी मोहरीची अ‍ॅलर्जी वेगळी, आणि तीही काहींना असते. तसे माणूस मराठी घरात जन्मले तर त्याचे हाल विचारू नयेत, कारण आपली फोडणी मोहरीशिवाय तडतडतच नाही. गंमत अशी की, ज्या आजीला मोहरीचे तेल वर्ज्य होते तिच्या मिसळणाच्या डब्यात पहिली वाटी मोहरीचीच होती.

पंचवीस वर्षे त्या घरात कडव्या तेलाचा स्वयंपाक झाला. भिंड-मुरैनाचा मुलूख सरसोंचाच, तेल ताजे मिळे. भाऊ मोठा झाला. साटोरी कडव्या तेलात तळतात हे ऐकून पुण्याचे नातेवाईक हसत; हसोत बापडे.

मग १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीहून बातम्या आल्या. सरसोंचे तेल खाऊन माणसांचे पाय सुजत होते, धाप लागत होती. तीन हजारांवर लोक रुग्णालयांत गेले, साठांवर दगावले. कारण होते पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल. हिंदीत या रोपाला नावच 'सत्यानाशी' आहे. ते सरसोंच्या शेतात तणासारखे उगवते, बी काळे, बारीक, सरसोंसारखेच. त्यातले सँग्विनरीन हे विष रक्ताच्या बारीक वाहिन्या सैल करते आणि पाणी झिरपून अंगावर सूज येते. कलकत्त्यात १८७७ सालीच ही साथ नोंदली गेली होती. तेव्हापासून ती पुनःपुन्हा येत राहिली. दिल्लीच्या साथीनंतर त्याच वर्षी केंद्र सरकारने खाद्यतेल बंद डब्यांतच विकण्याचा आदेश काढला. तरीही २००० साली साथ आली, आणि ती आमच्या ग्वाल्हेरात.

वाड्यातल्या एका बिऱ्हाडात सासू-सून दोघींचे पाय सुजले. पहिले काही दिवस सगळे म्हणत होते, "यंदाचं तेल मानवलं नाही बहुतेक." पुन्हा तोच शब्द. पण अ‍ॅलर्जी एकाला गाठते आणि पंगतीतल्या इतरांना सोडते; विष एका कढईतले खाणाऱ्या सगळ्यांना गाठते. आईला हे पुस्तकाने शिकवले नव्हते, भावाने शिकवले होते. तिने त्यांच्या दारात जाऊन सांगितले, "दोघींना एकदम झालंय, म्हणजे दोष तुमच्यात नाही, तेलात आहे. आधी ते ओतून द्या आणि दवाखान्यात जा." त्या दोघी वाचल्या. आमच्या घरचे तेल वेगळ्या दुकानचे होते, तरी आईने तेही मोरीत ओतले. सत्तरीच्या उंबरठ्यावर तिने तिसऱ्यांदा तेल बदलले. या वेळी सोयाबीनचे रिफाइंड, बंद पिशवीतले. त्याला ना वास, ना चव. आजी असती तर म्हणाली असती, हे तेल आहे की पाणी?

पिशवीवर छापलेले वाचायची सवय घराला तेव्हापासून लागली. त्यातही खाचा आहेत. बऱ्याच वर्षांपर्यंत सरसोंच्या आणि दुसऱ्या तेलाचे मिश्रण कायदेशीर विकता येत होते. सरसोंच्या तेलात दुसरे तेल मिसळण्यावर ८ जून २०२१ पासून बंदी आली. अ‍ॅलर्जी आणणाऱ्या पदार्थांच्या आपल्या सरकारी यादीत शेंगदाणा आणि सोयाबीन आहेत. तीळ आणि मोहरी युरोपच्या यादीत आहेत, आपल्या नाहीत. म्हणून ज्यांना तीळ चालत नाही त्यांनी घटकांची सगळी यादी वाचावी, आणि 'कच्ची घानी' हे शब्द दिसले की ते कौतुकाचे न समजता सावधगिरीचे समजावेत.

भाऊ आता पन्नाशीपलीकडे आहे. त्याच्या नातीलाही दाणा चालत नाही, हे मागच्या वर्षी तपासणीत कळले. दिवाळीला मी जयेंद्रगंजात जाते तेव्हा फराळ आईच्याच क्रमाने होतो. पहिल्या दिवशी कोऱ्या तेलात शंकरपाळे, मग चकली, मग करंज्या. ते डबे बंद होऊन वरच्या फळीवर गेले की मगच चिवड्याचे दाणे तळायला निघतात, वेगळ्या कढईत, वेगळ्या झाऱ्याने, आणि ते उरलेले तेल पुन्हा कशालाही वापरायचे नाही. एकदा दाणे तळलेल्या तेलात प्रथिन उतरते, मग ते पिशवीतून कितीही रिफाइंड आलेले असो. गेल्या वर्षी वहिनीने चिवड्यात दाण्यांऐवजी भाजके डाळे आणि काजूचे काप घातले. काजूची तपासणी झाली आहे ना, असे मी विचारले. ती म्हणाली, "वन्सं, आधी ती केली, मग काजू आणले."

पितळी किटली अजून फळीवर आहे. तिच्यात हल्ली पणत्यांचे तेल असते, तिळाचे.