अमरत्व सोडणारी ल्यूथियन

एल्फ म्हटले की युरोपीय बालकथांमधील चिमुकले, खोडकर जीव डोळ्यांपुढे येतात. इंग्रज कादंबरीकार जे. आर. आर. टॉल्किन यांनी त्यांना निराळे रूप दिले. त्यांचे एल्फ माणसांएवढे उंच आणि जरामरणापासून मुक्त आहेत. माणसांच्या शेजारी ते राहतात आणि क्वचित एखादी एल्फकन्या मर्त्य पुरुषावर जीव जडवते. बेरेन आणि ल्यूथियन यांची कथा ही अशा प्रेमाची आद्यकथा होय. तिचा उगम शोधताना आम्ही बर्मिंगहॅममधील एका भाड्याच्या घरापर्यंत जाऊन पोहोचतो.

१९०८ साली त्या घरात दोन पोरकी मुले राहत होती: १६ वर्षांचा रोनाल्ड टॉल्किन आणि १९ वर्षांची इडिथ ब्रॅट. रोनाल्डच्या आईने १९०० साली कॅथलिक पंथ स्वीकारला, तेव्हा नातलगांनी तिला अंतर दिले. १९०४ मध्ये ती निवर्तली. तिने मुलांचे पालक नेमलेल्या फादर फ्रान्सिस मॉर्गन यांना या प्रेमाची कुणकुण लागली आणि त्यांनी २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत भेट व पत्रव्यवहार वर्ज्य केला. रोनाल्डने आज्ञा पाळली. ३ जानेवारी १९१३ रोजी मुदत संपताच त्याने पत्र लिहिले. इडिथचा वाङ्निश्चय अन्यत्र झाला होता. तो तिने मोडला. १९१४ साली ती कॅथलिक झाली आणि त्यापायी राहता आसराही गमावून बसली. २२ मार्च १९१६ रोजी वॉरिक येथे त्यांचा विवाह झाला.

त्याच वर्षी टॉल्किन सोमच्या रणभूमीवरून आजारी होऊन परतले. १९१७ मध्ये यॉर्कशायरमधील एका वनात, पांढऱ्या फुलोऱ्यात इडिथ त्यांच्यासाठी नाचली. त्या क्षणातून ल्यूथियन जन्मली. कथेत बेरेन मरण पावतो. त्याच्यासाठी ल्यूथियन मृतांच्या अधिपतीपुढे गाते आणि त्याच्यासह मर्त्य जीवन मागून घेते. टॉल्किन यांच्या कल्पनेत मृत्यू हे माणसाला ईश्वराने दिलेले दान आहे. ल्यूथियन ते प्रेमापोटी स्वीकारते.

टॉल्किन यांच्या आज्ञाधारकपणाचे कौतुक अनेकदा होते, आणि ते योग्यच आहे. परंतु आम्हाला वाटते, त्यांनी तीन वर्षांची प्रतीक्षा दिली, तर इडिथने ठरलेले लग्न, आपला पंथ आणि आसरा दिला. कथेतही अधिक मोल ल्यूथियनच मोजते. विवाहासाठी आपले माहेरचे उपासनामंदिर सोडून आलेल्या सुना आपल्याही कुटुंबांत असतील. त्यांनी काय मागे ठेवले, हे आपण कधी विचारले आहे काय?

इडिथ १९७१ साली वारली. ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत टॉल्किन यांनी तिच्या नावाखाली ‘ल्यूथियन’ कोरून घेतले. १९७३ मध्ये त्यांनाही तेथेच पुरण्यात आले आणि त्यांच्या नावाखाली ‘बेरेन’ ही अक्षरे आली. तिचे ऋण त्यांनी दगडावर कबूल केले होते.