वासराची साक्ष : गोक्षयाच्या संशोधनातील एक प्रकरण



गुरुजनांच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत विज्ञानाच्या इतिहासातील एक लहानसे प्रकरण आपल्यापुढे मांडण्याचे मी योजिले आहे. माळवा हा गोधनाचा प्रदेश. उज्जैन, शाजापूर, आगर या पट्ट्यातील माळवी गुरे सर्वत्र प्रसिद्ध आहेत. म्हणून गाईच्या क्षयाचा विषय आपल्याला परका नाही.

क्षय हा संसर्गाने होतो, हे १८६५ मध्ये व्हिल्मँ या फ्रेंच लष्करी वैद्याने सशांवरील प्रयोगांनी दाखविले. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयजंतूचा शोध जाहीर केला. त्यांची भिस्त मुख्यतः गिनीपिगवर होती. पुढे १८९८ मध्ये थिओबाल्ड स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने माणसाचा आणि गाईचा क्षयजंतू निरनिराळे असल्याचे दाखवून दिले. गिनीपिग दोन्हींना सारखाच बळी पडतो. ससा मात्र गाईच्या जंतूने लवकर दगावतो आणि माणसाच्या जंतूपुढे बहुधा तग धरतो. म्हणजे कोणत्या प्राण्याला साक्षीला बोलवावे, यावरच निकाल अवलंबून होता.

याच प्रश्नावर १९०१ मध्ये लंडनच्या क्षय परिषदेत वादळ उठले. कॉख यांनी १९ वासरांना माणसाचे जंतू देऊन पाहिले होते. त्यांना क्षय झाला नाही. त्यावरून त्यांनी उलट दिशेचाही निष्कर्ष काढला की, गाईच्या दुधापासून माणसाला फारसे भय नाही. परंतु उलट प्रयोग माणसावर करता येत नव्हता, आणि हा निष्कर्ष खरा मानला असता तर दुधाविषयीची सावधगिरी सैल झाली असती. ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी एक शाही आयोग नेमला. रुग्णांच्या, विशेषतः बालकांच्या, शरीरातून मिळालेले जंतू आयोगाने वासरांत व सशांत टोचले. काही जंतू गाईच्या जंतूंप्रमाणेच वागले. १९११ च्या अंतिम अहवालाने कॉख यांचे मत खोडून काढले.

गाईच्याच जंतूपासून लसही निघाली. काल्मेत आणि पशुवैद्य गेरँ यांनी गाईच्या दुधातून मिळविलेला जंतू १९०८ पासून तेरा वर्षे, २३० वेळा, पुन्हापुन्हा वाढवून सौम्य केला. १९२१ मध्ये ती बी. सी. जी. लस प्रथम एका बालकाला देण्यात आली.

आता आपल्या देशाकडे वळू. मुंबईच्या परळ येथील बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे १९२५ नंतरच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये, लिस्टन आणि सोपारकर यांनी देशी गुरांना गाईचे क्षयजंतू देऊन पाहिले. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषयच मुळी देशी गुरांची प्रतिकारशक्ती हा होता. विलायती वासराची साक्ष देशी वासराला जशीच्या तशी लागू पडत नाही, हा या कामाचा धडा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इथिओपियातील पाहणीतही वशिंडाच्या देशी गुरांपेक्षा होल्स्टीन गुरांत क्षय अधिक आणि तीव्र आढळला.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. प्रतिकारशक्ती म्हणजे रोगमुक्ती नव्हे. २०१८ च्या एका एकत्रित विश्लेषणाने भारतातील सुमारे ७.३ टक्के, म्हणजे अंदाजे २ कोटी १८ लाख गुरे बाधित असावीत, असा अंदाज वर्तविला. शिवाय २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेल्लूर येथील अभ्यासात ९४० नमुन्यांपैकी ७ मध्ये ऑरिजिस हा त्याच कुळातील दुसरा जंतू सापडला. म्हणजे जुन्या साक्षीदारांना आता नवा प्रश्न विचारावा लागेल.

अधिक दुधासाठी आपण विलायती रक्ताची संकरित गाय गोठ्यात आणली. तिच्याबरोबर माळवी गाईची सहनशक्तीही आपोआप येईल, असे मानता येत नाही. बाधित गाय ठार मारण्याचा पाश्चात्त्य उपाय येथे चालणारा नाही. म्हणून तपासणी, बाधित जनावर वेगळे ठेवणे आणि दूध उकळून पिणे, हेच मार्ग उरतात. कॉख यांच्यासारख्या श्रेष्ठ शास्त्रज्ञाचे मतही जेथे वासराच्या साक्षीने तपासले गेले, तेथे आपल्या समजुतीही तपासून घ्यायला हव्यात. शाळेने आपल्याला हेच तर शिकविले.