पुणे विद्यापीठात संगणकशास्त्र: यंत्राआधी विचार

दहावी-बारावीचे निकाल लागले की शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. "सर, मुलीला कॉम्प्युटरला घालायचंय. कोणती लँग्वेज शिकवणारा क्लास चांगला?" पालकांची तळमळ खरी असते. फीचे पैसे उभे करताना घराची किती ओढाताण होते, हेही आपण पाहतो. पण हा प्रश्न चुकीच्या टोकाने सुरू होतो असे आम्हाला वाटते. तो नीट मांडण्यासाठी आपल्याच विद्यापीठाच्या इतिहासाकडे पाहू या.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. २०१४ पासून ते सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखले जाते. शिरूर-दौंडची महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. येथे १९८० साली संगणकशास्त्राचे शिक्षण सुरू झाले, ते अनेक विषयांना जोडणारा आंतरविद्याशाखीय उपक्रम म्हणून. त्या काळी घरात तर सोडाच, बहुतेक महाविद्यालयांतही संगणक नव्हता. पुढे त्यातूनच स्वतंत्र विभाग आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम उभे राहिले.

नव्वदच्या दशकात बाजारात 'सी' भाषेची चलती होती. याच विभागात शिकवणारे रुस्तम मोदी यांनी १९९१ साली एसीएम या अमेरिकेतील संगणक संस्थेच्या शिक्षणविषयक नियतकालिकात लेख लिहिला आणि शिक्षणातील सीच्या वापरावर टीका केली. नवशिक्या विद्यार्थ्याची शक्ती यंत्राच्या बारकाव्यांत खर्च होते आणि मूळ विचार बाजूला राहतो, ही अडचण खरीच होती. विभागात 'गोफर' ही फलनांवर आधारलेली भाषा शिकवण्यासाठी वापरली गेली. पुण्यात फेरफार करून घडवलेल्या तिच्या रूपाला 'पुगोफर' असे नाव मिळाले.

अशा भाषेत विचार कसा करतात? दौंड जंक्शनवर उभी असलेली मालगाडी डोळ्यांसमोर आणा. सर्व वाघिणींचे एकूण वजन हवे आहे. आपण दोनच वाक्ये लिहू. एकही वाघीण नसेल तर वजन शून्य. वाघिणी असतील तर पहिल्या वाघिणीचे वजन अधिक उरलेल्या गाडीचे वजन. समजा, तीन वाघिणी ६०, ५५ आणि ६२ टनांच्या आहेत. मग ६० + (५५ + (६२ + ०)) = १७७ टन. गाडी तीन वाघिणींची असो वा पन्नास, वाक्ये तीच राहतात. ती बरोबर आहेत हे गणिती विगमनाने सिद्धही करता येते, आणि त्यासाठी संगणक लागत नाही.

आता हेच काम चार कारकुनांना वाटून दिले तर? गाडीचे चार भाग करा, प्रत्येकाने आपली बेरीज काढावी, शेवटी चारही बेरजा मिळवाव्यात. बेरजेला साहचर्याचा गुणधर्म आहे म्हणून हे जमते. ऐंशीच्या दशकात अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा भारताने कामाच्या अशाच वाटणीचा मार्ग धरला. त्यासाठी १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचे काम पुणे विद्यापीठाच्या आवारात चाले. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने अनेक प्रक्रियक एकत्र जोडले आणि १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला.

याच आवारात राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. शिरूरच्या वायव्येला, खोडद येथे, या केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. तिला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. प्रत्येक दोन तबकड्यांचे संकेत एकमेकांशी ताडून पाहायचे, तर जोड्या किती? ३० × २९ ÷ २ = ४३५. हे काम क्षणोक्षणी, न थांबता करावे लागते. खेड्यातल्या शेताशेजारची ही दुर्बीण म्हणजे संगणकशास्त्राचा जिवंत धडाच आहे.

तेव्हा या विद्यापीठात संगणकशास्त्र का शिकावे, याची आमची कारणे अशी. एक, भाषेआधी विचार शिकवण्याची परंपरा येथे आहे. दोन, ज्यांना मोठ्या गणनेची खरोखर गरज पडते अशा संस्था शेजारी आहेत. तीन, आपल्या भागातला विज्ञानाचा पदवीधर याच विद्यापीठाचा असतो. पुढचे शिक्षण त्याला परके वाटण्याचे कारण नाही. जागा मात्र मर्यादित असतात आणि प्रवेशाचे नियम बदलतात. ते दरवर्षी तपासून पाहावेत. केवळ पदवीने नोकरीची हमी मिळत नाही, हेही पालकांना स्पष्ट सांगावे.

पण त्याआधी एक करा. वाघिणींचा प्रश्न वर्गात फळ्यावर मांडा. उत्तर आधी कोण देतो ते पाहू नका. "मग सर्वांत जड वाघीण कशी शोधायची?" असे आपणहून विचारणारी मुलगी कोण, ते पाहा. तिच्या वडिलांना क्लासचा पत्ता देण्याची घाई करू नका. तिचे गणित पक्के करा आणि तिला विद्यापीठाचा रस्ता दाखवा.