धोकटी आणि प्रमाणपत्र

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांत न्हाव्याचा समावेश आहे. योजनेतील प्राथमिक प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचे, आणि त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन. आठवडाभरात कुणी केस कापायला शिकतो काय, हा प्रश्न आम्हालाही प्रथम पडला. परंतु योजना आहे ती हा व्यवसाय आधीपासून करणाऱ्यांसाठी. म्हणजे या आठवड्यामागे घरातच झालेली कित्येक वर्षांची उमेदवारी गृहीत धरलेली आहे. ते गृहीतक तपासण्याजोगे आहे.

बलुतेदारीत उमेदवारीला वेगळे नाव नव्हते. मुलगा बापाची धोकटी घेऊन मागोमाग हिंडे. धार लावणे, पाणी आणणे आधी. गिऱ्हाइकाच्या गालाला वस्तरा लावणे पुष्कळ नंतर. नखे काढणे, अंग रगडणे, लग्नकार्यातली मानाची कामे हेही त्यातच येई, आणि मोबदला सुगीच्या धान्यातून मिळे. सेना न्हाव्यांच्या नावावरील अभंगरचनेत आरसा नि चिमटा अध्यात्माची रूपके होतात. वर्गात आपण त्या रूपकांची वाखाणणी करतो. त्यांच्यामागचा कामात मुरलेला हात मात्र सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

अर्थात या व्यवस्थेचा गौरव करून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. तिथला प्रवेश जन्माने ठरे. ज्याला धंदा नको त्याची सुटका अवघड, आणि ज्याला हवा त्याला शिकवणार कोण? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वर्षभराच्या कॉस्मेटॉलॉजी अभ्यासक्रमाला जात विचारली जात नाही, मुलींनाही तो खुला आहे. ही प्राप्ती लहान नव्हे.

तरीही एक गोष्ट उरते. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी ब्राह्मण विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. मिळकतीवर पाणी सोडून, एकत्र बसून घेतलेला हा निर्णय होता. आपला वस्तरा कशासाठी चालणार नाही, हे त्यांनी ठरवले. ज्या जातिबद्ध शिक्षणाने त्यांना बांधले होते, त्यानेच त्यांना एकमेकांशीही जोडले होते. त्या जोडणीला सत्यशोधक विचार मिळताच तिचे रूप पालटले.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उमेदवारीला करार, मुदत आणि विद्यावेतन दिले. जन्माची अट त्यात नाही. आमच्या मते वाट त्याच दिशेला आहे. अल्पमुदतीचे वर्ग दार उघडतात, ते उघडेच राहावे. मात्र आत आलेल्या मुलामुलींना जाणत्या कारागिराशेजारी पुरेसा काळ उभे राहता आले पाहिजे, आणि आपल्यासारख्याच इतरांसोबत बसून कशाला नकार द्यायचा हे ठरवताही आले पाहिजे. प्रमाणपत्रावर या दोहोंसाठी रकाना नसतो.